ज्येष्ठांनी २०१४ मध्ये फुटून निघण्याला नकार दिला आणि २०१६ मध्ये होकार दिला, हे कसे?

राजारामपुरी_वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भागातील वाचनालयात रविवारी काही निवृत्त मंडळी आणि शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थी एकत्र बसून एखाद्या विषयावर चर्चा करतात. या वेळचा विषय ब्रेक्झिट होता. एका विद्यार्थिनीने असे मांडले की, ब्रिटनमधील ज्येष्ठांचे घर स्वतःचे, पेन्शन सुरू आणि मुले मार्गी लागलेली असल्यामुळे युरोपीय संघ सोडण्याची हौस त्यांना परवडली. भुर्दंड मात्र तरुणांच्या माथी बसला. त्यावर महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले की, जन्मभर साठवलेली पुंजी हातात असलेला माणूस उलट जोखीम टाळतो आणि आहे ती व्यवस्था मोडू देत नाही. पुरावा म्हणून त्यांनी स्कॉटलंडच्या सार्वमताचा दाखला दिला.

नंतर मी दोन्ही निकाल पाहिले. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. मतदानानंतरच्या पाहणीत ६५ वर्षांवरील सुमारे ६४ टक्के बाहेर पडण्याच्या, तर १८ ते २४ वयोगटातील सुमारे ७१ टक्के संघात राहण्याच्या बाजूने होते. त्याआधी १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले आणि तिथे हा नकार सर्वांत ठाम होता तो ज्येष्ठांचाच. म्हणजे दोघांच्याही बाजूने पुरावा आहे. मग आर्थिक सुरक्षितता माणसाला बाहेर पडायला धीर देते की मागे खेचते? आपल्याकडे १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा कोणी सार्वमत घेतले नव्हते, त्यामुळे घरच्या अनुभवावरून हे सांगणारे कोणी सापडत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पंचगंगाकाठ

मी बरीच वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. आपल्या काकांचे आणि त्या विद्यार्थिनीचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात वाटते, कारण दोघेही 'सुरक्षितता' ही एकच वस्तू आहे असे धरून चालले आहेत. माझ्या मते, पेन्शन आणि बचत किती आहे यापेक्षा ती कोणाच्या तिजोरीतून येते आणि कोणत्या चलनात आहे, हे आधी पाहायला हवे.

युरोपीय संघ कोणत्याही ब्रिटिश निवृत्ताला पेन्शन देत नव्हता. ती लंडनचे सरकार देत होते आणि ब्रुसेल्सशी संबंध तुटले तरी देतच राहणार होते. शिवाय २०११ पासून तिला तिहेरी हमी होती: वेतनवाढीचा दर, महागाईचा दर आणि अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल तेवढी वाढ दर वर्षी मिळायची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाउंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला, आयात महागली आणि २०१७ मध्ये महागाई वाढली. नोकरदारांचे पगार त्या वेगाने वाढले नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष उत्पन्न घटले. निवृत्तांची सरकारी पेन्शन मात्र एप्रिल २०१८ मध्ये महागाईच्या दराने, म्हणजे ३ टक्क्यांनी वाढली. हा धक्का कोणी सोसला आणि कोणाला त्यातून झाकून घेतले गेले, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. इंग्लंडमधील तरुणाची बाजू आधीच लंगडी होती. १९९७ मध्ये तिथे मध्यम किमतीचे घर वार्षिक मिळकतीच्या साडेतीन पट दरात मिळत होते, ते २०१६ पर्यंत साडेसात पटींच्या पुढे गेले. आणि विद्यापीठाचे शुल्क २०१२ पासून वर्षाला ९,००० पाउंडांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. त्या तरुणाच्या हातात जे काही होते, त्यात युरोपातील २७ देशांत जाऊन काम करण्याचा हक्क ही एक मोठी गोष्ट होती आणि नेमकी तीच जाणार होती.

स्कॉटलंडमध्ये २०१४ साली परिस्थिती याच्या नेमकी उलट होती. तिथे सोडायचे होते ते लंडनलाच, म्हणजे पेन्शन देणाऱ्यालाच. स्वातंत्र्यवाद्यांनी पेन्शन वेळेवर मिळेल असे आश्वासन दिले होते, पण फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी एडिंबरामध्ये येऊन सांगितले की, स्वतंत्र स्कॉटलंडला पाउंडात भागीदारी मिळणार नाही, आणि विरोधी मजूर पक्षानेही त्याला दुजोरा दिला. मतदानाच्या तोंडावर मोठ्या बँकांनी मुख्यालये इंग्लंडला हलवण्याची तयारी जाहीर केली. ज्याची सगळी बचत पाउंडात आहे आणि कमवायची वर्षे सरली आहेत, त्याने अशा वेळी काय करावे अशी आपली अपेक्षा आहे?

एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. २०१४ चे ज्येष्ठ स्कॉटिश होते आणि २०१६ चे बहुतांश इंग्रज, तेव्हा ही तुलना दोन वेगळ्या समाजांची आहे, असे कोणी म्हणेल. परंतु स्कॉटलंडने २०१६ मध्ये ६२ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला असला, तरी तिथेही बाहेर पडण्याकडे कल तरुणांपेक्षा ज्येष्ठांचाच अधिक होता. एकाच प्रदेशात दोन वर्षांच्या आत वयाचा कल उलटला, तो एवढ्या अवधीत माणसांचा स्वभाव बदलल्यामुळे नव्हे.

सेवानिवृत्त_परिचारिका

पंचगंगाकाठ सरांचे विवेचन पटले. मी ग्लासगोमध्ये सरकारी आरोग्यसेवेत नोकरी करून आता कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या माहेरच्या घरी राहते, म्हणून थोडे जवळून पाहिलेले लिहिते. राष्ट्रकुल देशाचे नागरिक तिथे रहिवासी असतील तर त्यांना दोन्ही सार्वमतांत मत होते, त्यामुळे भारतीय पारपत्र असूनही मी दोन्ही वेळा मतदान केले. फ्रान्स, पोलंडकडच्या माझ्या सहकाऱ्यांना २०१४ मध्ये मत होते आणि २०१६ मध्ये नव्हते. ज्या प्रश्नाशी त्यांचा सर्वांत जास्त संबंध होता, त्याच प्रश्नावर त्यांना विचारले गेले नाही. असो.

२०१४ मध्ये वॉर्डातील वयस्कर रुग्ण स्वातंत्र्याविषयी बोलताना फार लवकर पेन्शनवर येत. त्यात भीती होती हे खरे, पण केवळ भीती नव्हती. त्या पिढीने युद्धानंतरची आरोग्यसेवा, सरकारी घरे आणि जहाजबांधणीचे कारखाने हे सगळे 'ब्रिटिश' म्हणून अनुभवले होते. त्यांच्या नातवंडांनी कारखाने बंद पडलेलेच पाहिले. स्वतः ग्लासगो शहराने ५३ टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला, आणि ते काही श्रीमंत शहर नव्हे. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे फारसे उरले नव्हते, अशा वस्त्यांनी 'होय' म्हटले. तेव्हा सरांच्या मांडणीला एवढी जोड द्यावीशी वाटते की, आपले संरक्षण कोणी केले याची आठवणही पेन्शनइतकीच मतपेटीत पडते.

पेन्शन कोण देते याने किती फरक पडतो, ते माझ्या स्वतःच्या खात्यावर दिसते. नोकरीची, म्हणजे आरोग्यसेवेची पेन्शन मी कोल्हापुरात राहूनही महागाईप्रमाणे वाढते. ब्रिटनची सरकारी वृद्धापकाळ पेन्शन मात्र भारतात राहणाऱ्यांना जिथल्या तिथे गोठवलेल्या दराने मिळते. हीच पेन्शन स्पेनमध्ये जाऊन राहिलेल्या मैत्रिणीची दर वर्षी वाढते, कारण बाहेर पडण्याच्या करारात ब्रिटनने युरोपात आधीच स्थायिक झालेल्यांची वाढ कायम ठेवली. त्यामुळे ज्येष्ठ निश्चिंत होते असे सरसकट म्हणू नये; बाहेर पडण्याच्या चर्चेत स्पेनमधले आमचे ओळखीचे निवृत्त लोक झोप उडाल्यासारखे वागत होते, आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांना तर तेव्हा मतच नव्हते.

शिरगाव_फाउंड्री

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही मला यात एक गोष्ट खटकते. पिढी हा शब्द वापरला की, ६५ वर्षांवरील सगळे एका पंगतीला बसतात. २०१६ च्या त्याच पाहण्यांत वयापेक्षाही ठळक फरक शिक्षणाचा होता: पदवीधरांपैकी सुमारे ६८ टक्के संघात राहण्याच्या बाजूने, तर केवळ शालान्त पातळीपर्यंत किंवा त्याहून कमी शिकलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. त्या देशात जुन्या पिढीत पदवीधर कमी, म्हणून वय आणि शिक्षण एकमेकांत गुंतलेले आहेत. शिवाय कमी मिळकतीच्या घरांत बाहेर पडण्याकडे ओढा जास्त होता. तेव्हा 'घर आणि पेन्शन आहे म्हणून हौस परवडली' हे चित्र दक्षिण इंग्लंडमधील बंगलेवाल्याला लागू पडेल, पण उत्तरेकडील बंद खाणीच्या गावातील भाडेकरू म्हाताऱ्याला नाही. त्याने मत दिले ते सुरक्षित होता म्हणून नव्हे, तर आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून.

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो आणि माझे वय चौतीस आहे. माझे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाले; त्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतली आहे, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. शेजारचे काका शिक्षक म्हणून निवृत्त झाले, त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता. दोघेही एकाच पिढीतले आणि एकाच गल्लीतले. उलट राज्य सरकारच्या एकाच कार्यालयात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी (जुनी निश्चित पेन्शन) आणि नंतर (वर्गणीवर अवलंबून असलेली पेन्शन) लागलेल्यांमध्ये जो दुरावा आहे, तो मार्च २०२३ च्या संपात सगळ्यांनी पाहिला. तिथे दोन माणसांच्या वयात दोन-तीन वर्षांचेही अंतर नसते. मला वाटते, सुरक्षिततेची रेघ वयावरून जाते असे समजण्यापेक्षा ती नेमणुकीच्या तारखेवरून आणि मालकावरून जाते असे पाहिले, तर सरांचाच मुद्दा अधिक नेमका होतो.

निपाणी_सीमेवरून

मूळ प्रश्नात घरचा अनुभव नाही असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे प्रश्न देश सोडण्याचा नाही, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचा आहे, आणि हा फरक लहान नाही. तरी पिढ्यांचा फरक आमच्या घरातही आहे. आजोबांसाठी १९५६ ची पुनर्रचना हा अन्याय होता आणि ८६५ गावांचा दावा हा जगण्याचा भाग होता. माझ्या चुलत भावंडांना भाषेविषयी तितकेच वाटते, परंतु एक बंगळूरला नोकरी करतो, दुसरा पुण्याला, आणि दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे एवढेच त्यांना ठाऊक आहे.

इथे पंचगंगाकाठ सरांचा निकष लावून पाहिला. आमच्या चळवळीत 'पेन्शन बुडेल' ही भीती मी ज्येष्ठांकडून कधी ऐकली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये अशी तरतूद होती की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. चलन तेच आणि वर केंद्र सरकारही तेच. म्हातारपणीच्या पैशाचा प्रश्न असा बाजूला निघाला की ज्येष्ठ माणूस भाषेवर आणि अस्मितेवर मोकळेपणाने मत देतो. २०१६ च्या ब्रिटिश ज्येष्ठांचेही तेच झाले असावे.

राजारामपुरी_वाचक

सर्वांचे आभार. निपाणीकरांचे शेवटचे वाक्य मी रविवारी वाचून दाखवणार आहे. एक उपप्रश्न: असेच तिसरे उदाहरण आहे का, ज्यावर हा निकष तपासता येईल?

पंचगंगाकाठ

कॅनडातील क्वेबेक पाहावे. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि ५०.५८ टक्क्यांनी सार्वभौमत्व नाकारले गेले. ज्येष्ठांचा कल नकाराकडे होता. वरवर पाहता माझा निकष इथे फसायला हवा, कारण क्वेबेकची स्वतःची अंशदायी पेन्शन योजना १९६६ पासून आहे. परंतु ६५ वर्षांनंतरची मूळ वृद्धापकाळ पेन्शन ओटावाच्या केंद्र सरकारकडून येते, आणि १९८० च्या पहिल्या सार्वमताच्या प्रचारात केंद्राच्या बाजूने ती पेन्शन बुडेल हाच धाक पुढे केला गेला होता. म्हणजे दोन पेन्शनींपैकी एक प्रांताची आणि एक केंद्राची असताना ज्येष्ठांनी केंद्राचा धागा तोडला नाही.

फाउंड्रीवाल्यांच्या आक्षेपासाठी मात्र क्वेबेक अधिक उपयोगी आहे. तिथे इंग्रजी भाषक जवळजवळ एकमुखाने विरोधात होते, मग ते वीस वर्षांचे असोत की सत्तर. वयाचा फरक दिसतो तो फ्रेंच भाषकांच्या आत. तेव्हा रविवारी आकडे मांडताना आधी भाषा, मग शिक्षण आणि त्यानंतर वय अशा क्रमाने मांडावेत, असे सुचवतो. आणि महसूल खात्यातल्या काकांना त्यांची पेन्शन कोणत्या कोषागारातून येते, हेही जाता जाता विचारावे.