बेटकास्टर रीलला रॉड कोणता? कृष्णेतली मरळ, फ्रॉग आणि क्रँक

हरिपूरकर_गळ

सांगलीत असतो. लो-प्रोफाइल बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं बुटकं रील) घेतलंय. गिअर रेशो ७.१:१ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ७.१ वेळा फिरतं), हँडल डावीकडे, वजन २०५ ग्रॅम, स्पूलवर १२ पौंडी मोनो (एकाच तंतूची लाईन) १२० यार्ड. मासा मुख्यतः मरळ. कृष्णेच्या कडेला जलपर्णीत फ्रॉग (बेडकासारखा तरंगता ल्यूर, म्हणजे नकली आमिष), आणि धोम-कण्हेरकडे गेलं की उघड्या पाण्यात क्रँक (ओढल्यावर बुडून हलणारा माशासारखा ल्यूर) नाहीतर स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्यूर). घरात ७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड पडून आहे, त्यावरच हे रील चढवलं तर? नसेल चालत तर नवा कोणता घ्यावा? दुकानात बघावा तो 'बास रॉड' म्हणतात. आपल्याकडे बास आहे कुठं?

वाईचा_फ्रॉगवाला

स्पिनिंग रॉडवर नको. बेटकास्टर वरच्या अंगाला बसतं, म्हणजे गाईडही (लाईन ओवायची कडी) वर येणार. पण त्या रॉडला ट्रिगर (बोट अडकवायचा आकडा) नाही, त्यामुळं जोरात फेकताना मूठ हातात फिरते. शिवाय स्पिनिंगचे गाईड कमी आणि लांब-लांब असतात. मासा लागून रॉड वाकला की दोन गाईडच्या मध्ये लाईन थेट रॉडच्या काडीला घासते. कास्टिंग रॉडला गाईड लहान, बुटके आणि जास्त असतात ते यासाठीच.

बास आपल्याकडे नाही, पण नावावर जाऊ नका. अमेरिकेतला लार्जमाउथ बास झाडोऱ्यात दबा धरून बसतो आणि वरून गेलेल्यावर झडप घालतो. मरळीची शिकारही तशीच, म्हणून तो रॉड इथं चपखल बसतो. फक्त मरळीचा जबडा हाडाचा आणि दातेरी. हुक रुतवायला रॉडमध्ये दम लागतो.

दुकानात गेल्यावर हँडलच्या वर छापलेली ओळ वाचा. ल्यूरचं वजन किती ते बघायचं, बाकी सगळं नंतर. १/४ औंस म्हणजे ७ ग्रॅम, ३/८ म्हणजे साधारण १०.५, १/२ म्हणजे १४, १ औंस म्हणजे २८. तुमचा फ्रॉग १२-१५ ग्रॅमचा आणि स्पिनरबेट १०-१४ चा असेल तर १०-२८ ग्रॅम लिहिलेला ७ फुटी मीडियम-हेवी (ही पॉवर, म्हणजे रॉडची ताकद), फास्ट ॲक्शन (टोकाकडूनच वाकणारा). एकच रॉड घ्यायचा तर हाच.

मिरज_कट्टा

जलपर्णीसाठी मीडियम-हेवी मला तोकडा वाटतो. मरळ लागली की खाली मुसंडी मारते, मुळांत शिरते, आणि मग माशाबरोबर दोन-तीन किलो पाला ओढावा लागतो. तिथं ७ फूट ३ इंची हेवी पाहिजे. मात्र तो क्रँकला निकामी. क्रँकला लहान ट्रेबल (तीन टोकी) हुक असतात. ताठ रॉडनं खेचलं की तोंड फाटून सुटतात. क्रँकला मीडियम पॉवर, मॉडरेट ॲक्शन, म्हणजे अर्ध्यातून वाकणारा. दोन्ही कामं एका रॉडवर बसवायची तर मीडियम-हेवीच घ्यावा लागेल हे खरं, पण मग दाट पट्ट्याच्या मधोमध न टाकता कडेकडेनं टाका.

लाईनबद्दल कुणी बोललं नाही. रॉडवर '१२-२० पौंड' असतं ते मोनोचं माप. ५० पौंडी ब्रेडेड (धागे विणलेली लाईन) जाडीला साधारण १२ पौंडी मोनोएवढी, म्हणून तुमच्या स्पूलवर तीही १२० यार्डच्या आसपास बसेल. फ्रॉगला हीच, लीडर (पुढं जोडायचा वेगळ्या लाईनीचा तुकडा) न लावता, पालोमार गाठीनं थेट. ब्रेडेड नुसती गुंडाळली तर गुळगुळीत स्पूलवर अख्खी गुंडाळी घसरते आणि ड्रॅग (मासा जोरात ओढताना लाईन सोडणारी यंत्रणा) बिघडला असं वाटतं. खाली आठ-दहा यार्ड मोनो द्या. ओल्या फडक्यातून ताणून भरा, सैल भरली की खेच बसताच वरचे वेढे खालच्यात रुततात. काठापासून २-३ मिलिमीटर जागा सोडा.

रॉड घेताना कानकोरणीचा कापूस प्रत्येक गाईडच्या कड्यातून फिरवा. धागा अडकला तर कड्याला चीर आहे, ब्रेडेड तिथंच कापणार.

उरमोडी_रात्रपाळी

रील सोबत नेऊनच रॉड घ्या. रीलचा पाय सीटमध्ये सरकवून नट हातानं आवळायचा आणि रील आडवं हलवून बघायचं. जरा जरी डुगडुगलं तर तो रॉड ठेवून द्या. पुढं ते सैलच होत जातं. मग लाईन सगळ्या गाईडमधून ओवा, टोक दुकानदाराला धरायला सांगा आणि रॉड हळू वाकवा. लाईन कुठंच काडीला टेकता कामा नये. शेवटी रॉड बोटावर तोलून बघा. रीलच्या लगेच पुढं तोलला पाहिजे. टोकाकडं झुकला तर तासाभरात मनगट भरून येतं, फ्रॉग नाचवणं राहतंच बाजूला. २०५ ग्रॅम या लांबीला ठीक आहे.

७.१ रेशो फ्रॉगला उत्तम, ढिली लाईन पटकन गोळा होते. खोल जाणाऱ्या क्रँकला हात सावकाश चालवा, त्याला खरं तर ५ च्या घरातलं रील बरं. हँडल मात्र बेटकास्टरचं बाजू बदलून बसत नाही. उजव्या हातानं फेकत असाल तर डावं बरोबर.

आता गुंता. फेकल्यावर ल्यूर हवेत मंदावतो, स्पूल त्याच वेगानं फिरत राहतं, सुटलेली लाईन आत फुगते. ल्यूर बांधून रॉड आडवा धरा, बटण दाबा. ल्यूर सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल फार तर एक वेढा फिरावं. इतका टेन्शन नॉब (स्पूल दाबून धरणारा) आवळा. मग १० पैकी ७-८ वर ब्रेक (फेकताना स्पूलचा वेग रोखणारा). हात बसला की एकेक कमी करा. ल्यूर बदलला की टेन्शन पुन्हा लावायचं, बरेच जण इथंच फसतात. वारा समोरून असेल तर ब्रेक दोन घर वर. आणि ल्यूर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर पाहिजेच, त्याला पर्याय कुठलाच नॉब नाही.

ड्रॅग बॅग मोजायच्या काट्यानं लावा. उघड्या पाण्यात २-२.५ किलो, जलपर्णीत ५ च्या पुढं. पण ड्रॅग आवळलेला असताना मासा काठावर उचलायला रॉड उभा धरू नका, टोक तिथंच मोडतं. जाळी घ्या.

हरिपूरकर_गळ

बेस्ट. एक राहिलं, माझ्याकडं ६-७ ग्रॅमचे बारके फ्रॉगपण आहेत. ते जातील का यावर?

वाईचा_फ्रॉगवाला

नाही. ५० पौंडी लाईनचं भरलेलं स्पूल फिरवायला तेवढं वजन पुरत नाही, ब्रेक सोडला की गुंता, लावला की दहा मीटरवर धप्. ते तुमच्या स्पिनिंग रॉडवरच मारा, २० पौंडी ब्रेडेड लावून, पण विरळ पाल्यात. नाहीतर फ्रॉगच्या पोटात शिशाची पट्टी घाला. पाण्यात टाकून मागचा भाग बुडतो पण तोंड वर राहतं का ते बघायचं, तोंड बुडालं तर जास्त झालं.

मिरज_कट्टा

आणि धरणावर जायच्या आधी मासेमारीचा ठेका कुठल्या संस्थेकडं आहे ते विचारून परवानगी काढा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचाच नाही. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा वळवळताना दिसला तर त्यावर फ्रॉग नको. खाली राखणीला नर-मादी असतात, ती काढली की बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.