दुसऱ्याच्या वर्गात बसल्याशिवाय शिक्षक शिकतो का?

बीजगणित_आठवी
माझं मत ठाम आहे. शिक्षकाला काही शिकवायचं असेल तर त्याला सभागृहात बसवून स्लाइड दाखवू नका, दुसऱ्या शाळेतल्या वर्गात मागच्या बाकावर बसवा. तोही शक्यतो आपल्या इयत्तेचा वर्ग नको. दुसरीच्या शिक्षकाने आठवीत बसावं, आठवीच्याने बालवर्गात, विषयशिक्षकाने विशेष शिक्षकाबरोबर.

का ते सांगतो. ८ + ४ = ☐ + ५ हे उदाहरण प्राथमिकच्या मुलांना द्या. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात, काही १७. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. बरोबरचं चिन्ह दिसलं की आता उत्तर लिहायचं, एवढंच त्यांना माहीत. हीच मुलं आठवीत २क्ष + ३ = क्ष + ७ पाशी अडतात आणि आम्ही म्हणतो, बीजगणित कच्चं आहे. दुसरीला शिकवणाऱ्या एक बाई माझ्या अशाच तासाला येऊन बसल्या होत्या. मुलं कुठे अडताहेत ते त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि तास संपल्यावर म्हणाल्या, आमच्याकडे फळ्यावर उत्तर कायम उजवीकडेच असतं. त्यानंतर त्या ७ = ३ + ☐ अशीही उदाहरणं द्यायला लागल्या. हे त्यांना कुठल्या प्रशिक्षणात कळलं असतं?

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की, बहुतेक शिक्षक शिकवण्याची रीत उचलतात ती स्वतः विद्यार्थी असताना पाहिलेल्या शिक्षकांवरून. नोकरीला लागलं की वर्गाचं दार बंद होतं आणि दुसऱ्याचं शिकवणं पाहायलाच मिळत नाही.

ऑफ_तास
सर, ऐकायला छान आहे, पण मी विरोधात आहे. तुम्ही दुसऱ्या शाळेत जाल तेव्हा तुमच्या वर्गावर कोण जाणार? स्टाफरूममध्ये जो रिकामा दिसेल तो. म्हणजे तुमच्या शिकण्याची किंमत त्याच्या वह्या तपासण्याच्या वेळेतून वसूल होणार.

शिवाय पाहुणे येणार म्हटलं की तास खरा उरत नाही. पाठ निवडून घेतलेला, हुशार मुलं पुढच्या बाकांवर, प्रश्न आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले. त्यातून शिकायचं काय? वरून आदेश आला की फोटो काढायचे, अहवाल पाठवायचा. कॅनडात काम केलेले अभ्यासक अँडी हरग्रीव्हज यांनी १९९०च्या दशकात अशा लादलेल्या सहकार्यावर टीका केली होती, ती आजही तंतोतंत लागू पडते. आणि मागे बसलेला माणूस पदाने मोठा असेल, तर त्याला काहीही नाव द्या, शिक्षकाला ती तपासणीच वाटते.

ग्रंथालय_तळमजला
मी ग्रंथपाल आहे. कुठलं पुस्तक मुलं दुसऱ्याच दिवशी परत आणतात, कुठल्यासाठी नंबर लावतात, हे मला रोज दिसतं. भाषेच्या शिक्षकांनी ते कधी विचारलेलं नाही. दुसरी शाळा राहू द्या, आधी एकाच इमारतीतल्या माणसांनी एकमेकांना विचारायला सुरुवात करावी.

पुरावा_हवा
माझी हरकत वेगळीच आहे. शिक्षक एकमेकांकडून चांगलं उचलतात तसं चुकीचंही उचलतात. कोणी पाहून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवा, ही कल्पना पाहा. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. तसं शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तरी एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे ती जातेच आहे, कारण सांगणारा आपल्यातलाच असतो आणि आपल्या माणसाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. विषयाची खोलवर जाण असलेलं कोणी बाहेरचं नसेल, तर अशा भेटींत चुकाच पक्क्या होतील.

बीजगणित_आठवी
तुमचा मुद्दा मला पटतो. म्हणूनच जपानी शाळांची पद्धत मला पुढची वाटते. तिची मुळं १९व्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत. तिथे शिक्षकांचा गट एका पाठाचं टाचण मिळून तयार करतो आणि त्यावर कित्येक आठवडे घालवतो. मग एकजण शिकवतो. बाकीचे मुलांच्या बाकांमधून फिरत कोण काय लिहितंय, काय खोडतंय ते टिपतात. नंतरच्या चर्चेत बहुधा शेवटी बाहेरचा जाणकार बोलतो. इतर शाळांचे शिक्षकही खुल्या पाठांना येतात. पाठ सगळ्यांनी मिळून बांधलेला असल्याने तो फसला तरी एकट्यावर खापर फुटत नाही.

ऑफ_तास, पढवलेल्या तासाबद्दल एक सांगतो. पाहणाऱ्याची नजर शिक्षकावर असते तेव्हाच तास सजवावासा वाटतो. नजर मुलांच्या वह्यांवर असेल तर सजावट टिकत नाही. खोडलेलं उत्तर पढवता येत नाही.

ऑफ_तास
वह्या पाहण्याचं मान्य. बाकी माझ्या दोन अटी आहेत. ही भेट वेळापत्रकात धरलेली हवी आणि त्या वेळेसाठी बदली शिक्षक शाळेने द्यायला हवा. दुसरं, भेटीत लिहिलेलं एक अक्षरही वार्षिक मूल्यमापनाच्या फायलीत जाता कामा नये. हे आधी लेखी मिळू द्या, मग माझा वर्ग कोणालाही उघडा आहे. तोवर मी विरोधातच आहे.