टीव्हीवर नुसता रंगीत चौकोन (सोसायटी ग्रुप)

ए-२०४ : मंडळी, आमच्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ (तो छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) जोडलाय, त्यावर लिब्रेइलेक ही सिस्टिम आणि सिनेमे बघायचं कोडी. काल अपडेट चालू असताना नेमकी लाइट गेली. आता स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारखा चौकोन येतो आणि गाडी तिथेच अडकते. कुणाला काही कळतंय का?

सी-४०२ : त्याचं मेमरी कार्ड गेलं असेल. फॉरमॅट मारा, नवीन टाका.

बी-५०१ : थांबा काका, काहीही मारू नका. चौकोन दिसतोय म्हणजे बोर्ड ठीक आहे, पुढचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा असलेली फाइल, मिळत नाहीये. पायवरचा हिरवा दिवा किती वेळा लुकलुकतो?

ए-२०४ : सात वेळा, मग थोडा थांबतो, परत सात.

बी-५०१ : मग नक्कीच कर्नल. चार वेळा असता तर स्टार्टची फाइल गायब. कार्ड लॅपटॉपला लावा.

ए-२०४ : लावलं. विंडोज म्हणतंय, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. करू?

बी-५०१ : नाही!! कॅन्सल!! कार्डावर दोन पार्टिशन, म्हणजे दोन वेगळे कप्पे, आहेत. लहान फॅट पद्धतीचं, ते विंडोजला दिसतं. मोठं लिनक्सच्या एक्स्ट-४ पद्धतीचं, ते त्याला वाचताच येत नाही, म्हणून बिचारं फॉरमॅट मागतं. तुमची लायब्ररी, सेटिंग, काय कुठपर्यंत पाहिलं, सगळं त्या मोठ्यातच आहे.

सी-४०२ : बरं झालं माझं ऐकलं नाहीत 😅



बी-५०१ : काका, लिब्रेइलेकच्या साइटवरून पाय ४ ची टार फाइल (सगळ्या फाइलींचं एक गाठोडं) उतरवा. सेव्हन-झिप या प्रोग्रामने उघडली की आत 'टार्गेट' फोल्डर मिळेल. त्यातल्या 'सिस्टिम' आणि 'कर्नल' या दोन फाइली लहान पार्टिशनवर टाका. फक्त कर्नलचं नाव बदलून 'कर्नल.आयएमजी' करायचं. जुन्या दोन फाइली आधी कुठेतरी कॉपी करून ठेवा. आणि कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा, ओढून नको.

ए-२०४ : झालं रे! लोगो आला. पण कोपऱ्यात पिवळी वीज चमकते.

बी-५०१ : व्होल्टेज कमी पडतंय. मोबाइलचा चार्जर लावलाय ना? पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. माझ्या मते लाइट गेली नसती तरी हा चार्जर कधीतरी रडवणारच होता.

ए-२०४ : सिनेमे दिसतायत सगळे, पण कोडीतले दोन अ‍ॅड-ऑन (वरून घातलेली जोड-सॉफ्टवेअरं) उघडत नाहीत.

बी-५०१ : आधी कोडी १८ होतं का? १९ पासून, म्हणजे २०२१ पासून, अ‍ॅड-ऑन पायथन ३ वर, म्हणजे प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवृत्तीवर, गेले. जुने काढून कोडीच्या रिपॉझिटरीतून (अ‍ॅड-ऑनच्या भांडारातून) पुन्हा घाला. ज्यांचं नवं रूप कुणी काढलंच नाही, ते गेले समजा.

ए-२०४ : एक गेलाय त्यातला. चालेल, रेडिओचा होता. ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आहे का कुणाकडे दोन दिवसांपुरता?

सी-४०२ : माझ्याकडे आहे काका, पाठवतो पोराबरोबर.