ग्लासहाउस, चोकी आणि 'क्रूसावर चढवणं'

वर एका सदस्यांनी लिहिलंय की ब्रिटिश सैनिक तुरुंगाला 'ग्लासहाउस' म्हणत, कारण आत काचघरासारखं उकडायचं. कारण वेगळं आहे. इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉट छावणीतल्या लष्करी तुरुंगाला मोठं काचेचं छत होतं, म्हणून त्या एका इमारतीचं हे नाव. पुढे काचेचा तुकडाही नसलेल्या लष्करी तुरुंगांना ते चिकटलं. १९४६ साली कैद्यांनी दंगल करून ऑल्डरशॉटच्या या तुरुंगाची मोठी नासधूस केली, पण नाव टिकलं.

तुरुंगासाठीचा त्यांचा दुसरा शब्द 'चोकी' तर आपल्याकडचाच. पहाऱ्याची, जकातीची चौकी गोऱ्या शिपायांच्या तोंडी कोठडी या अर्थाची 'चोकी' झाली आणि त्यांच्यासोबत इंग्लंडला गेली.

मला मात्र 'क्रूसावर चढवणं' या शब्दाबद्दल लिहायचंय. १८८१ मध्ये ब्रिटिश सैन्यात फटक्यांची शिक्षा रद्द झाली आणि तिच्या जागी 'फील्ड पनिशमेंट नंबर वन' आली. शिपायाला दिवसाला दोन तासांपर्यंत खांबाला किंवा तोफगाडीच्या चाकाला बांधून ठेवायचं, एकूण एकवीस दिवसांपर्यंत. पहिल्या महायुद्धात दारू पिणं, उलट बोलणं यासाठीही ती दिली जाई. हात पसरून बांधलेला सोबती रोज दिसत असताना शिपायांना दुसरा कुठला शब्द सुचणार? अशा शब्दांना आपण सरसकट 'गमतीशीर बोली' म्हणतो ते मला पटत नाही. हा उघड निषेध होता. ती शिक्षा १९२३ मध्ये बंद झाली.