गाणं 'झालं' हे कळतं कसं? ('आयर्विनला किती' ऐकून पडलेला प्रश्न)

प्रीतिसंगमावरचा
नमस्कार मंडळी. कराडात राहतो, शाळेत गणित शिकवतो आणि चोरून गाणी लिहितो. पाच गाण्यांचा छोटा अल्बम करायचा म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. चौथ्या गाण्याचे सहा डेमो झालेत. बायको म्हणते, आता सोडा त्याला. मला मात्र दर वेळी कुठंतरी टोचतं.

इथले आपले पेवकरी यांचा अल्बम गेल्या महिन्यात आला. त्यातलं 'आयर्विनला किती' रात्री हेडफोन लावून ऐकलं. शेवटी नुसता तानपुरा उरतो. गाणं तिथंच थांबवायचं हे कसं ठरवलंत? आणि तानपुरा खरा आहे की ॲपवरचा? पैज लागलीय.

पेवकरी
पैज कुणाशी लागलीय ते आधी सांगा. तानपुरा खरा आहे. त्याचं शेवटी सांगतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. हळदीचे सौदे सुरू असले की संध्याकाळी कपडेच काय, नाकातला शेंबूडसुद्धा पिवळा असतो. गाणी रात्री, जेवणं झाल्यावर. अल्बममधली सातही गाणी 2019 च्या पुरानंतरची आहेत, कारण आधीची वही पुरात गेली.

'आयर्विनला किती' हे मी लिहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणीही कुणाला भेटलं की "कसा आहेस" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. पुलाजवळ 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका, हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. तर ध्रुवपद आयतं मिळालं, घोळ सगळा अंतऱ्यांत झाला.

पहिला खर्डा असा होता: "दार फोडून आली कृष्णा, घर पोटात घेतलं." मला लई भारी वाटलं होतं. संगीत संयोजन करणाऱ्या मित्रानं त्याला शोभेल असा ढगांचा गडगडाट, ढोल, खालून व्हायोलिनचा ताफा वगैरे लावला. पाणी चढेल तशी लयही चढवली. डेमो ऐकून लोक म्हणाले, अंगावर काटा आला.

गाणार होती माझी आत्येबहीण. अक्का म्हणतो आम्ही तिला. पुराच्या वेळी ती आमच्याच गावभागातल्या घरात होती. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "दार कुठं फुटलं रे? पाणी मोरीतून आलं की."

खरं होतं. आपली कृष्णा काही फोडत-बिडत नाही. आवाजसुद्धा करत नाही. आधी गटारं उलटी वाहतात, मग न्हाणीघरातल्या मोरीतून गढूळ पाणी वर येतं. त्या दिवशी आईला वाटलं मोरी तुंबली. काठी घेऊन ती अर्धा तास खुपसत बसली होती. पुराचं पाणी काठीनं मागं ढकलत होती म्हणा ना.

तर नवा अंतरा:

मोरी तुंबली म्हणे आई
काठी घेऊन बसली
पायरी पायरी मोजत मोजत
नदी घरात बसली

'बसली' दोनदा आलंय म्हणून मित्रानं कुरकुर केली. मी ठेवलं. दोघी सारख्याच बसल्या होत्या, मग शब्द वेगळा कशाला?

यानंतर ढोल आपोआप गेला. गडगडाट गेला. लय मिनिटाला 92 मात्रांवरून 58 वर आणली, कारण पूर म्हणजे वाट बघणं. पायरीवर खडूनं रेघ मारायची आणि तासानं जाऊन बघायचं.

पुढं अडचण गळ्याची. 'आयर्विनला' हा शब्द गायला वाईट. 'यर्वि'पाशी स्वर चेंगरतो. मित्र म्हणाला, "पुलाला किती" कर, सरळ बसतंय. बसतंय खरं, पण सांगलीत तसं कुणी विचारत नाही. शेवटी अक्कानंच पहिला 'आ' लांबवला आणि उरलेला शब्द बोलल्यासारखा सोडून दिला. मला दोन महिने सुचलं नव्हतं ते तिनं चहा गाळता गाळता केलं.

आता तुमचा प्रश्न. गाण्यात "किती?" तीनदा येतं. पहिल्यांदा उत्तर येतं 'चाळीस', दुसऱ्यांदा 'पंचेचाळीस'. तिसऱ्यांदा मी 'सत्तावन्न' लिहिलं होतं आणि तिथं अक्काचा स्वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला नेला होता. ऐकताना मलाच टोचायचं, तुमच्यासारखंच. मग आठवलं, त्या रात्री फोनची बॅटरी संपली होती. आम्ही विचारत होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. आकडा काढला. तिसऱ्या "किती?" नंतर नुसता तानपुरा आहे, 16 सेकंद. ते ऐकून अक्का काही बोलली नाही, पर्स उचलून बस पकडायला निघून गेली. मी त्या दिवशी फाईल बंद केली.

भडंगप्रेमी
मोरीचं वाचून पोटात कालवलं. आमच्याकडं खणभागातही अगदी असंच. बाबा म्हणाले, प्लंबरला फोन लाव!

तुंबाकार
मिरजेहून. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे बनवायचंच काम, म्हणून विचारतो: तानपुरा बायकी दिसतोय, पण जवारी (घोडी घासून तारेला आणलेली गुंज) जरा बंद ठेवलीय का? ॲपचा आवाज सारखा चकाकतो, यात तसं नाही. बाकी, 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून चौकशा वाढल्यात, पण पावसाळ्यात रेकॉर्डिंग करणारा गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.

पेवकरी
बरोबर ओळखलंत, दंडवत. अक्का काळी चार पट्टीत गाते. तानपुरा तिच्या गुरुजींचा. सतारमेकर गल्लीत जवारीला नेला तेव्हा कारागिरानं घोडी (जिच्यावरून तारा जातात ती पट्टी) घासून असा काही टणत्कार काढला की सगळी गल्ली उजळली. मीच म्हटलं, थोडा झाका. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी पुरणपोळीत मीठ वाढवा म्हटलं. पण तारेखालचा दोरा किंचित सरकवला आणि झालं काम. चाल बागेश्रीच्या अंगानं जाते म्हणून तानपुऱ्यावर पंचमाऐवजी मध्यम लावलाय.

पावसाळ्याचं म्हणाल तर चूक माझीच. दर दहा मिनिटांनी तारा उतरायच्या. त्या 16 सेकंदांत शेवटी एक तार किंचित ढिली ऐकू येते. मित्र सॉफ्टवेअरनं सरळ करणार होता, मी करू दिली नाही.

कागदपत्र_तपासा
गाणं झालं की कराराकडंही बघा, लोकहो. मला एका लेबलनं 'सर्व हक्क कायमचे' असं छापून पाठवलं होतं. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या गीताच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा असा लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घेऊन ठेवा. पेवकरी, घेतलंत का?

पेवकरी
अर्ज भरलाय. दुसऱ्याचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद कधी जागेवर नसतात.

प्रीतिसंगमावरचा
पैज बायकोशी होती. हरलो. एक विचारू? वही गेली म्हणालात. जे आठवलं तेच खरं गाणं, असं वाटतं का?

पेवकरी
मला असं पुष्कळांनी समजावलं. नाही वाटत. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे होते. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर आत हवा नाही. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली. त्या कंदिलावर माझा एक अंतरा होता. चांगला होता. यमक अजून आठवतं, 'उतरू नको' आणि 'विसरू नको'. मधलं काही आठवत नाही. टोपणनाव तेवढं उरलं.

असो. तुमच्या चौथ्या गाण्यात नक्की कुठं टोचतं? शब्द इथं टाका, आणि ताल कोणता तेही. कराडचं पाणी शेवटी आमच्याकडंच येतं.

प्रीतिसंगमावरचा
दादरा आहे. दुसऱ्या अंतऱ्यात 'अथांग' शब्द आहे. लिहिता लिहिताच कळलं. संगमावर उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं हो.