केबलच्या क्लॅम्पकडेही बघा

बोटीच्या गिअरच्या तक्रारीवर, पुढच्या गिअरला इंजिन नुसतंच ओरडतं, बोट ओढ घेत नाही, म्हणजे क्लच प्लेटा (इंजिनाची ताकद पंख्याकडे नेणाऱ्या चकत्या) गेल्या, गिअरबॉक्स उघडा असं एकाने सुचवलंय, तर केबलच्या टोकाचे आटे फिरवून लांबी जुळवा असंही कोणी म्हटलंय. मला गिअरबॉक्स उघडणं ही फार घाई वाटते. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी ठीक असेल तर इंजिन बंद ठेवून गिअर केबलचं (चालकाजवळचा दांडा गिअरबॉक्सला जोडणारी केबल) टोक गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून सोडवा आणि लिव्हर हाताने फिरवा. पुढे, न्यूट्रल, मागे, तिन्ही जागी तो खट्टकन बसायला हवा. आता लिव्हर पुढच्या जागी ठेवून चालकाजवळचा दांडा पूर्ण पुढे ढकला आणि केबलचं टोक लिव्हरच्या भोकासमोर येतं का पाहा. ते जरा जरी अलीकडे राहिलं तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरबॉक्समध्ये क्लचला पुरेसा दाब मिळत नाही, प्लेटा घसरून तापतात आणि मग मात्र खरोखरच जळतात.

आटे फिरवून लांबी जुळवायचा सल्ला बरोबरच आहे, फक्त त्याआधी केबलचं बाहेरचं आवरण धरून ठेवणारा क्लॅम्प तपासा. केबल परत जोडून कोणालातरी दांडा मागेपुढे करायला सांगा आणि तुम्ही नजर क्लॅम्पवर ठेवा. तिथे आवरणच सरकत असेल तर तेवढी चाल फुकट जाते, मग आटे कितीही फिरवा, एक गिअर सुधारला की दुसरा बिघडणार. आणि दांडा जड लागतो म्हणून लिव्हरखालचा बॉल-स्प्रिंग कृपया काढू नका, लिव्हर जागेवर धरून ठेवायचं काम तोच करतो. केबल सुटी असतानाही दांडा जड लागला तर बहुधा आतली तार गंजलीय, सरळ नवी केबल टाका.