शब्दचर्चा : 'नॉन-कोडिंग आरएनए'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सोलापुरात बारावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राची मराठी टिपणं करतेय. एका जुन्या टिपणात 'निरुपयोगी आरएनए' असं लिहिलंय. ते पटत नाही. 'असांकेतिक' चालेल का?

उत्तर : मॅडम, 'निरुपयोगी' आधी खोडाच. आपल्या डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांसाठी आहे हे खरं, पण म्हणून बाकीचा कचरा ठरत नाही. डीएनएवरून उतरवलेला, पण ज्याचं प्रथिन होत नाही तो नॉन-कोडिंग आरएनए. रायबोसोममधला (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रातला) आरएनए आणि टी-आरएनए याच गटातले. त्यांच्यावाचून पेशीत एक प्रथिन तयार होणार नाही!

'असांकेतिक' वाचून मुलं 'संकेत न देणारा' असं समजतील. पण याच गटातला मायक्रोआरएनए तर नेमकं संकेत देण्याचंच काम करतो. साधारण २२ अक्षरांचा (आरएनएच्या घटकांचा) हा तुकडा एमआरएनएला, म्हणजे प्रथिनाचा नमुना नेणाऱ्या आरएनएला, जुळून बसतो आणि त्याचं प्रथिन होऊ देत नाही. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना तो १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत सापडला; नोबेल मिळालं २०२४ मध्ये.

आजाराचं उदाहरण जरूर घाला. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात बऱ्याच रुग्णांच्या १३व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. मायक्रोआरएनए १५ आणि १६ तिथेच असतात. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ प्रथिनाला ते आवर घालतात. ते गेले की ज्या पेशी वेळेवर मरायला हव्यात त्या साठत जातात.

आणखी एक वाचक : आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात माग होता. चादरीवरचा मोर जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळे उमटतो. पुठ्ठा कापडात विणला जात नाही, पण ताण्याचा कुठला धागा उचलायचा ते तोच ठरवतो. मग सरळ 'नियामक आरएनए' म्हणूया की!

उत्तर : दादा, मायक्रोआरएनएला ते चपखल बसतं. स्त्रियांच्या पेशीतलं एक एक्स गुणसूत्र गप्प करणाऱ्या 'झिस्ट' या आरएनएलाही बसतं. टी-आरएनएला मात्र नाही, तो अमिनो आम्लं वाहून आणतो. म्हणून सगळ्या गटाला 'प्रथिन न घडवणारा आरएनए' म्हणावं आणि त्यातल्या एका शाखेला 'नियामक'. नाव लांब आहे, पण मुलांना पहिल्या वाचनात कळेल.

प्रश्न : हेच घेते. कोविडच्या काही लशींत आरएनए होता, तो यातलाच का?

उत्तर : नाही मॅडम. तो एमआरएनए, म्हणजे प्रथिन घडवणारा. मुलं इथे हमखास गोंधळतात, तेवढं टिपणात ठळक लिहा.